सीतेच्या वेणीचे बी

आमच्या भागात अशी एक वेल नसलेली, मातीत पाय नसलेली वनस्पती आहे, की तिला मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांनी जवळजवळ एकच नाव दिले आहे. जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस तिला सीतेची वेणी म्हणतो. कुठे कुठे द्रौपदीची वेणीही म्हणतात. घाटाच्या अंगाने दक्षिणेस मलनाडात उतरलात, की तीच सीताळे दंडे होते. दंडे म्हणजे केसांत माळायची फुलांची माळ. सीमाप्रश्नावर आपण दोन्ही भाषांचे लोक इतकी वर्षे भांडलो, पण आंब्या-फणसाच्या खोडावर मृगाच्या आगेमागे लोंबणारा हा गुलाबी-पांढरा घोस पाहिल्यावर दोघांनाही सीतेच्या केसांचीच आठवण झाली, याची नोंद कुठल्याही आयोगाने घेतलेली दिसत नाही. आसामात याच फुलाला कोपौ फूल म्हणतात. बिहूच्या नाचात मुली ते अंबाड्यावर माळतात आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. मराठीत या सगळ्या कुळाला आमरी कुल म्हणतात. लग्नाच्या मांडवामुळे ऑर्किड हा शब्द आता घरोघरी माहीत झाला आहे, तोही वापरायला माझी हरकत नाही.

या आमरीला बांडगूळ समजण्याची आपली जुनी सवय आहे. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे रोवून त्याचा रस पिते. आमरी झाडाचे काही घेत नाही, फक्त बसायला जागा मागते. तिची जाड, पांढुरकी मुळे सालीला बिलगलेली असतात. त्यांच्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, ते पावसाचे आणि धुक्याचे पाणी टिपून घेते. ओले झाले की हिरवट दिसते, वाळले की पुन्हा रुपेरी. विश्वकोशाने अशा वनस्पतींना अपिवनस्पती हा शब्द दिला आहे. आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना शब्द ठाऊक नसला तरी फरक ठाऊक असे. आंब्यावरचे बांडगूळ ते कोयत्याने साफ करत, वेणी मात्र ठेवत.

पण एक गोष्ट मी अनेकांना विचारली आणि कोणाकडूनही उत्तर मिळाले नाही. वेणीचे रोप कोणी पाहिले आहे का? फुललेले गड्डे सगळ्यांनी पाहिले आहेत. आंब्याच्या कोयीतून आंबा, चिंचोक्यातून चिंच उगवते हे पोरालाही माहीत असते. वेणीच्या बोंडातून मात्र निघते ती पिवळसर धूळ. बोंड तडकले, वारा आला, संपले. ही धूळ म्हणजे बी आहे आणि ते रुजू शकते हे कळायला, आणि कळल्यावर ते रुजवता यायला, माणसाला किती काळ लागला आणि त्यात कोणाकोणाची आयुष्ये खर्ची पडली, ती कथा मला आज सांगायची आहे. मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर, इतिहासाचा नव्हे. पण वर्गात हा इतिहास एका ओळीत उरकावा लागे, याची चुटपुट राहून गेली आहे.

आरंभ आपल्या किनाऱ्यावरूनच करता येतो. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींची चित्रे आणि माहिती जमवून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ रचला. १६७८ ते १६९३ या काळात तो अॅमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन आहे, नागरी लिपीत आणि कोकणी भाषेत. गोव्यातून कोचीला गेलेल्या समाजातली ही माणसे. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्यही त्यांच्याबरोबर होता. छापील पुस्तकात नागरी अक्षरे उमटल्याचे हे फार जुने उदाहरण मानले जाते, म्हणून आपल्याकडे लिपीच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो. वनस्पती बाजूला राहतात. बाराव्या खंडात झाडांवर राहणाऱ्या आमरींची चित्रे आहेत आणि त्यांत 'अंजेली मरवारा' या मल्याळी नावाखाली आपली वेणी आहे. तो खंड निघाला तेव्हा ऱ्हीड हयात नव्हता. १६९१ च्या डिसेंबरात मुंबईजवळच्या समुद्रात, जहाजावरच त्याचा मृत्यू झाला आणि त्याला सुरतेला पुरले. पुढे स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला लॅटिन नाव दिले, ते ऱ्हीडच्या याच चित्राच्या आधारावर. म्हणजे वैद्यांनी ओळख पटवली, चितारणाऱ्याने चित्र काढले आणि हिंदुस्थानात पाऊलही न ठेवलेल्या माणसाने बारसे केले! केरळचे प्रा. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे तो आपल्यासारख्यांच्या वाचनात येऊ लागला.

बियांचे कोडे मात्र तसेच राहिले. युरोपात सोळाव्या शतकात हिएरोनिमुस बोकसारखे विद्वान लिहीत, की आमरीला बीच नसते, पशुपक्ष्यांच्या वीर्यापासून ती जमिनीतून उगवते. हसू येते खरे, पण बी दिसतच नसेल तर माणूस काहीतरी कल्पना करणारच. वास्तविक बी नाही असे नसून फार आहे, ही अडचण होती. डार्विनने १८६२ च्या आपल्या आमरींवरच्या पुस्तकात बिया मोजल्या. इंग्लंडातल्या एका ठिपक्याठिपक्यांच्या आमरीच्या एका बोंडात त्याला सुमारे सहा हजार दोनशे बिया मिळाल्या आणि एका झाडावर एक लाख शहाऐंशी हजारांवर. सगळ्या रुजल्या तर पणतवंडांच्या पिढीत पृथ्वीवरची बहुतेक सगळी जमीन याच एका झाडाच्या वंशाने झाकली जाईल, असा हिशेबही त्याने केला. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्यूलरने तर मॅक्सिलारिया जातीच्या एकाच बोंडात १७,५६,४४० बिया असल्याचे कळवले. उष्ण प्रदेशातल्या आमरींचा हा खाक्या आहे. मग जंगलच्या जंगल आमरींनी का भरून जात नाही? डार्विनला हा प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर त्याच्या हयातीत मिळाले नाही.

बी एवढे हलके असण्याचे कारण त्यात शिदोरी नसते. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढे अन्न साठवलेले असते. आमरीच्या बियांत काही पेशींचा एक गोळा असतो, त्याला ना मूळ ना कोंब ना दल, आणि भोवती जाळीदार हलके कवच. झाडाच्या फांदीवर राहणाऱ्याला वाऱ्यावर स्वार होऊनच दुसऱ्या फांदीवर जाता येते आणि वाऱ्याबरोबर जायचे तर भाकरी बांधून नेता येत नाही. आता ही भाकरी वाटेत कोण देतो, एवढाच प्रश्न राहिला.

तो सुटण्याआधी मोठी लूट झाली, तिच्याबद्दल लिहायला हवे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांना उष्ण देशांतल्या आमरींचे वेड लागले. बियांपासून रोपे करता येत नव्हती, तेव्हा जंगलातून गड्डे ओरबाडून आणणे एवढाच मार्ग. जोसेफ हूकरने १८५० साली खासी टेकड्यांत निळी वांडा गोळा केली, ती सात हमालांची ओझी भरली. त्यांतली फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोचली. त्याच्याबरोबर आपला माळी पाठवलेल्या एका गृहस्थाने एक ओझे विलायतेला धाडले, ते वाईट अवस्थेत पोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले. हे सारे हूकरनेच आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. कोलंबियात तर आल्बर्ट मिलिकन नावाच्या आमरी-शिकाऱ्याने दहा हजार गड्ड्यांसाठी सुमारे चार हजार झाडे तोडवल्याचे १८९१ च्या आपल्या पुस्तकात सहज सांगितले आहे. फांदीवरचे फूल हवे म्हणून झाड पाडायचे! या पुस्तकांतला सूर पश्चात्तापाचा नाही, मर्दुमकीचा आहे.

बरे, नेलेले जगवले म्हणावे तर तेही नाही. उष्ण देश म्हणजे सदा वाफाळलेले जंगल, अशी त्यांची ठाम समजूत. काचघरात कोळशाच्या भट्ट्या पेटवून, दारे-झरोके बंद करून, ओली वाफ कोंडून ते या झाडांना ठेवत आणि ती कुजून मरत. इंग्लंड म्हणजे उष्ण देशांतल्या आमरींची स्मशानभूमी, असे तिथेच बोलले जाऊ लागले. आपल्या सह्याद्रीत एक वर्ष काढलेल्या माणसाने हे केले नसते. इथे चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने जवळजवळ कोरडे, शिवाय सतत वाहता वारा. डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही आपल्याकडची पांढरी आमरी थंडीत सगळी पाने टाकून काड्यांसारखी उभी राहते आणि त्या वाळक्या काड्यांवर माघ-फाल्गुनात फुलते. आमरीला ऊब लागते तशीच तहानही लागते. चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टनने हवा खेळती ठेवली आणि वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळे तापमान दिले, तेव्हा कुठे मरणे कमी झाले.

बियांच्या बाजूने पहिली पावले माळ्यांनी टाकली, पंडितांनी नव्हे. डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिन उद्यानातल्या डेव्हिड मूरने १८४९ मध्ये आमरीची रोपे बियांपासून उगवल्याचे जाहीर केले. एक्झिटरच्या व्हीच कुटुंबाच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी नावाचा माळी होता. जॉन हॅरिस या स्थानिक शल्यवैद्याने त्याला फुलाची रचना समजावून दिली आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याची कल्पना सुचवली. डॉमिनीने कॅलँथेच्या दोन जातींचा संकर केला आणि १८५६ मध्ये माणसाने केलेली पहिली संकरित आमरी फुलली. त्या दोहोंपैकी कॅलँथे मसुका ही जांभळी आमरी आपल्या देशातली, सह्याद्रीच्या ओल्या रायांतही ती भेटते. जॉन लिंडली हा त्या काळचा आमरींचा सर्वांत मोठा जाणकार ते फूल पाहून म्हणाला म्हणतात, की तुम्ही वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लावणार. आज नोंदवलेल्या संकरांची संख्या लाखाच्या वर गेली आहे, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच खोटे ठरले नाही.

डॉमिनी आणि त्याच्यासारखे माळी बी पेरत ते मोठ्या झाडाच्या कुंडीत, त्याच्याच मुळांशी. आईच्या पायाशी पेरले तर एखादे रुजते, नव्या स्वच्छ कुंडीत पेरले तर एकही नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते. का, ते कळले नव्हते. लाखो बियांतून दहा-वीस रोपे आली तर नशीब. ही युक्ती धंद्याचे गुपित म्हणून जपली जाई.

गुपित फुटले ते १८९९ च्या मे महिन्यात, पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात. नोएल बर्नार हा पंचविशीतला फ्रेंच तरुण सक्तीची लष्करी सेवा करत होता. जंगलात हिंडताना पालापाचोळ्याखाली दबलेले आमरीच्या एका जातीचे जुने फुलोऱ्याचे देठ त्याला सापडले. नेओटिया हे तिचे नाव. ती तपकिरी, हिरवी पाने नसलेली, मुळांचा गुंता पक्ष्याच्या घरट्यासारखा. त्या देठावरची बोंडे तशीच होती आणि बोंडांच्या आतच बिया रुजून निरनिराळ्या अवस्थांतली रोपे तयार झाली होती. बर्नारने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर प्रत्येक रुजलेल्या बियांच्या आत बुरशीचे धागे! एकही अपवाद नाही. त्याच महिन्यात त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीला आपले टिपण दिले. दुसरा कोणी असता तर बुरशीला रोग समजून मोकळा झाला असता. आजवर बहुतेकांनी तसेच केले होते. बर्नारने उलटा विचार केला, की बुरशी लागली म्हणूनच बी रुजले.

पुढची काही वर्षे त्याने हे सिद्ध करण्यात घालवली. आमरीच्या मुळांतून बुरशी वेगळी काढून नळीत शुद्ध वाढवायची, दुसऱ्या नळीत निर्जंतुक बी ठेवायचे, मग दोघांची भेट घडवायची. बुरशीशिवाय बी नुसते फुगून हिरवे होई आणि थांबे. बुरशी मिळाली की वाढू लागे. धागे बियांच्या पेशीत शिरून तिथे गुंडाळी करून बसतात आणि बी त्या गुंडाळ्या पचवून आपले पोट भरते. बुरशी फार जोरकस असेल तर बीच खाल्ले जाते, फार दुबळी असेल तर उपासमार होते. सहजीवन हा शब्द आपण फार गोडपणे वापरतो. बर्नारने दाखवले ते गोड नव्हते, तो एक सतत चाललेला समझोता होता. रुजलेल्या बियांचा जो बिनपानांचा, बिनमुळांचा हिरवा मणी होतो, त्याला प्रोटोकॉर्म हे नाव त्यानेच आमरींसाठी रूढ केले. १९११ च्या जानेवारीत क्षयाने तो गेला. छत्तीस वर्षांचे आयुष्य. त्याच सुमारास जर्मनीत हान्स बुर्गेफ याने हेच काम पुढे नेले आणि विलायतेतल्या मोठ्या रोपवाटिका बुरशीच्या नळ्या बाळगू लागल्या.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या पानसाऱ्याच्या दुकानातली आहे. बर्नार आपल्या नळ्यांत बियांना आणि बुरशीला खायला काय देत होता? सालेप. म्हणजेच आपली सालममिश्री! बाळंतिणीच्या खुराकात आणि थंडीच्या पौष्टिक लाडवांत घालतात ती, दुधात शिजवली की खळीसारखी घट्ट होणारी. सालममिश्री आणि सालमपंजा हे आमरींचेच कंद आहेत, थंड प्रदेशातल्या जमिनीवर वाढणाऱ्या जातींचे. आपल्या डोंगरांतला अमरकंदही आमरीचाच. तुर्कस्तानात सालेपचे गरम पेय पितात आणि एके काळी लंडनच्या रस्त्यांवरही ते विकले जाई. बर्नारने आमरीच्या बियांना आमरीच्याच कंदाची पेज पाजली. ती पेज फार दाट केली तर बुरशीशिवायही काही बिया रुजतात, हे त्याच्या ध्यानात आले होते आणि त्याने ते लिहूनही ठेवले होते. त्या एका वाक्यात पुढची सगळी कथा दडलेली होती.

ते वाक्य अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसनने नीट वाचले. हिरव्या झाडांना मुळांतून साखर शोषता येते का, यावर त्याने आधी वाटाणावर्गीय वनस्पतींवर काम केले होते. त्यामुळे सालेपची हकीकत वाचून त्याला वेगळाच संशय आला. सालेपमध्ये पिष्टासारखे पदार्थ असतात. बुरशी त्यांचे विघटन करून साखर करते. मग बियांना बुरशी हवी आहे, की बुरशीने केलेली साखर? त्याने कॅटलिया, लेलिया वगैरे उष्ण प्रदेशातल्या जातींचे बी ब्लिचिंग पावडरच्या निवळीत धुऊन निर्जंतुक केले आणि बुरशी अजिबात न देता साधे क्षार, आगर आणि शेकडा दोन साखर घातलेल्या नळ्यांत पेरले. बी रुजले. हा निष्कर्ष त्याने १९२१ मध्ये आधी स्पॅनिश भाषेत आणि १९२२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला.

खळबळ उडाली. बुरशीवाल्यांनी मान्य केले नाही. अशी रोपे दुबळी निघतील, त्यांना फूल येणार नाही, असे ते म्हणत. नडसनने वाट पाहिली. आमरीच्या शास्त्रात वाट पाहण्यावाचून दुसरे काय असते? १९३० मध्ये बुरशीशिवाय वाढवलेल्या रोपाला फूल आल्याचे त्याने जाहीर केले. वाद मात्र संपला नाही आणि संपायलाही नको होता, कारण दोन्ही बाजू दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या. बाटलीत काय पुरते, हे नडसनने सांगितले. फांदीवर काय घडते, हे बर्नारने. रानात कोणी साखर घेऊन बसलेले नसते. माझ्या मते नडसनची युक्ती मोठी, पण शोध बर्नारचा मोठा.

नडसनने १९४६ मध्ये सुधारून दिलेले मिश्रण आजही जगभर वापरात आहे. एक लिटर पाण्यात साखर २० ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट अर्धा ग्रॅम, पोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट पाव पाव ग्रॅम, लोह आणि मँगनीज नखभर, आणि घट्ट होण्यासाठी आगर, म्हणजे आपण खरवसासारख्या वड्या करायला आणतो ते चायनाग्रास. पाणी किंचित आंबट हवे. यात गुपित काहीच नाही, हेच त्याचे थोरपण. कठीण आहे ती स्वच्छता. साखर पाहिली की हवेतली प्रत्येक बुरशी धावत येते आणि दोन दिवसांत बाटली काबीज करते. रानात जिच्यावाचून जगता येत नाही, तीच बुरशी बाटलीत शत्रू होऊन बसते.

या कामात कानडी मुलखाचाही वाटा आहे. कन्नड वाचणाऱ्या आपल्या घरांतून बी. जी. एल. स्वामी हे नाव 'हसुरु होन्नु'चे लेखक म्हणून माहीत असते. त्या पुस्तकाला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. डी. व्ही. गुंडप्पांचे हे चिरंजीव. त्यांनी तरुणपणी आमरींच्या भ्रूणांवर जे सूक्ष्म काम केले आणि १९४९ मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात दीर्घ लेखांच्या रूपाने छापले, त्याचा दाखला आजही दिला जातो. धुळीएवढ्या बियांच्या आत पेशी कोणत्या क्रमाने विभागतात हे बघत बसणारा माणूस विनोदी गद्यही लिहू शकतो, हे आमच्या विज्ञानशिक्षकांनी ध्यानात घ्यावे. मुंबई इलाख्यातल्या आमरींची नोंद फादर सांतापाव आणि कापडिया यांनी १९६६ च्या ग्रंथात केली. त्याआधी कुकच्या फ्लोरावर भागवावे लागे.

बाटलीची विद्या उष्ण देशांत परत आली तेव्हा तिचे रूप पालटले. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचा संचालक एरिक होल्टम याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस नडसनच्या रीतीने बी रुजवायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये तिथला पहिला संकर फुलला. इथे काचघर नको, कोळसा नको. बाटलीतून काढलेले रोप सरळ उघड्या अंगणात. विलायतेतल्या जमीनदाराचा शौक सिंगापूर-थायलंडात मध्यमवर्गाचे परसदार झाला आणि मग धंदा. आज बेळगावच्या मंगल कार्यालयात स्टेजवर जी जांभळी-पांढरी डेंड्रोबियमची फुले लावतात, ती या वंशातली. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपे करण्याची रीत दाखवली, त्यामुळे एकसारखी लाखो फुले शक्य झाली. आमरीचे बी आपण खातोही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. अस्सल व्हॅनिलाच्या आइस्क्रीममधले बारीक काळे ठिपके म्हणजे एका आमरीचे बी. शिरसीकडे पोफळीच्या बागांत २००० नंतर व्हॅनिलाची लाट आली होती. मादागास्करला वादळ झाले, भाव चढले, सगळ्यांनी वेल लावले आणि २००४ नंतर भाव असा कोसळला की वेल तसेच सोडून दिले. असो.

मीही हे करून पाहिले आहे. वारा-पावसाने पडलेल्या फांदीवरचे, अजून न तडकलेले वेणीचे बोंड मिळाले होते. औषधाच्या रुंद तोंडाच्या बारा बाटल्या, घरचा प्रेशर कुकर, आणि कापडाने बंद केलेल्या खोक्यात स्पिरिटच्या दिव्याजवळ पेरणी. आठ बाटल्या पहिल्या पंधरवड्यातच बुरशीने गिळल्या. बाकीच्या चारांत दोनेक महिन्यांनी हिरवे मणी दिसू लागले, मोहरीहून लहान. पहिले पान यायला पावसाळा उजाडला. सौभाग्यवती त्यांना 'तुमचे साबुदाणे' म्हणत.

बाटलीतून झाडावर जाणे हा या कथेतला खरा अवघड भाग आहे आणि तिथे नडसन पुरत नाही. साखरेवर वाढलेल्या रोपाला वारा, ऊन आणि कोरडी साल सोसावी लागते. काही रोपे आपली बुरशी सालीतून शोधून घेतात, काहींना ती भेटत नाही. त्या सालीवर कोणती बुरशी राहते, हे झाड किती जुने आहे, त्यावर शेवाळ आणि दगडफूल किती आहे, भोवती सावली कशी आहे, यावर ठरते. म्हणून शंभर वर्षांचा आंबा आणि पाच वर्षांचा अॅकेशिया यांत आमरीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेळगाव-खानापूर रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे गेली. त्यांच्याबरोबर वेणीचे, अॅकॅम्पेचे, सिंबिडियमचे किती गड्डे गेले याची मोजदाद कोणी केली नाही. एका झाडामागे इतकी रोपे लावू असे हिशेब कागदावर असतात. त्यांत फांदीवरच्या बिऱ्हाडांचा रकाना नसतो. घाटात गाडी थांबवली की पोरे फुललेले गड्डे विकायला आणतात आणि शहरातली माणसे हौसेने नेतात. चार महिन्यांत ते वाळतात. मिलिकनची पद्धत अगदीच बंद झालेली नाही, फक्त ओझे लहान झाले आहे.

कायद्याने आपल्या परीने काही केले आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या १९७५ पासून लागू झालेल्या करारात सर्व आमरी येतात. मात्र निर्जंतुक बाटलीत बियांपासून किंवा ऊतींपासून वाढवलेल्या रोपांना त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सूट आहे. जंगलातले रोप पकडले जाते, बाटलीतले सीमा ओलांडते. हूकरने सात ओझी नेलेली निळी वांडा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत होती. कृत्रिम लागवड भरपूर झाली म्हणून ती २००५ मध्ये त्या यादीतून उतरवली गेली. बाटलीने जंगलावरचा भार कमी केल्याचा हा एक पुरावा म्हणता येईल. केरळात पालोडेच्या वनस्पती उद्यानाने इप्सिया मलबारिका ही दुर्मीळ आमरी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा डोंगरावर लावली. सिंगापुरात तर १९९५ पासून नामशेष होत चाललेल्या स्थानिक जातींचे बी बाटल्यांत रुजवून ती रोपे रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर बांधण्याचा कार्यक्रम सुरू आहे. वाघआमरी म्हणतात ती जगातली सर्वांत थोराड आमरी तिथे आता मोटारींच्या डोक्यावर फुलते.

आमच्या चार बाटल्यांतली रोपे मी मावसभावाच्या जांबोटीच्या रानात एका जुन्या आंब्यावर आणि एका फणसावर, नारळाच्या काथ्याने, वाऱ्याच्या बाजूस बांधली. फणसावरची सगळी गेली. आंब्यावर सात तगली आहेत. त्यांची मुळे काथ्या सोडून सालीत वीतभर गेली आहेत आणि पावसाळ्यात त्यांची टोके हिरवी होतात. फूल अजून एकालाही नाही. मावसभाऊ दर ज्येष्ठात निरोप पाठवतो, या वर्षीही "अजून नाही" असाच आला.